रांग रिकामी होईपर्यंत

कॉफीच्या यंत्राकडे दोन बोटं एकाच वेळी गेली. तिने कॉफीचं बटण दाबलं, त्याने टोमॅटो सूपचं. यंत्र जरा घुटमळलं... आणि एकाच कपात दोन्ही ओतून मोकळं झालं.

"रांग नावाचा काही प्रकार असतो, माहीत आहे का तुम्हाला?" ती फणकारली.

"माहीत आहे की," तो कपात डोकावत म्हणाला. "आज सकाळीच एक काढून टाकली."

हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला. एरवी तिलाही हसू आलं असतं. पण 'काढून टाकली' हे शब्द तिच्या डोक्यात उतरले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. संगणकाच्या प्रोग्रामचा वेग तपासायला तिच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाने पाठवलेला, दिसेल ते कापत सुटणारा, सगळे ज्याला 'कात्री' म्हणत होते, तो हाच!

आणि त्याने कापलेली रांग तिची होती.

नाट्यगृहाच्या वरच्या खोलीत बसून ती एक प्रोग्राम लिहीत होती. नट बोलले की त्यांचे शब्द रंगमंचावरच्या दिव्यांच्या पट्टीवर उमटायचे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक माईकमागे एक थ्रेड, म्हणजे फक्त त्याच नटाचं ऐकून लिहिणारा प्रोग्राममधला एक कामकरी. सगळे एकदम पट्टीकडे धावले तर झुंबड उडणार, म्हणून तिने मध्ये रांग बसवली होती. प्रत्येकाने आपलं अख्खं वाक्य रांगेत ठेवायचं, एक ठेवत असताना दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि पट्टीवर वाक्य चढवायला शेवटी एकच कामकरी. सरळ हिशेब होता. तो या शहाण्याने एका सकाळीत मोडला होता.

"उशीर होत होता," तो म्हणाला.

"अति घाई संकटात नेई!" ती म्हणाली आणि कप तिथेच ठेवून निघाली.

संकट संध्याकाळच्या तालमीतच आलं. लेकीच्या आग्रहाखातर कालपासून तालमीला येणारे तिचे बाबा पहिल्या रांगेत बसले होते. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच नेले होते. एके काळी एकही नाटक न सोडणारा हा माणूस नाट्यगृहाची पायरी चढेनासा झाला होता, कारण सगळे हसले की ते बघून मग हे हसायचे. 'उसनं हसणं' म्हणायचे ते त्याला. उद्याच्या पहिल्या प्रयोगाला बाबांनी सगळ्यांबरोबर हसावं, एवढ्यासाठी तिने हे काम अंगावर घेतलं होतं.

रंगमंचावर नवरा-बायकोचं भांडण रंगात आलं. बायको म्हणाली, "मी हे घर सोडून चालले." त्याच वेळी नवरा ओरडला, "चहात साखर कमी आहे!" पट्टीवर उमटलं: 'मी चहात हे घर साखर सोडून कमी चालले आहे.'

बाबांनी दोनदा वाचलं. मग मागे वळून लेकीला हात केला आणि ऐकू न येणाऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "छान आहे हो! नव्या पद्धतीचं असावं!"

तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. त्यात व्यवस्थापकांनी येऊन बजावलं, उद्या सकाळपर्यंत हे नीट झालं नाही तर पट्टी काढून ठेवू.

ती जिने चढून खोलीत आली ती भांडायलाच.

"काय मिळवलंस तू? माझे बाबा आहेत ते! त्या बडबडीला छान म्हणाले, का, तर मला वाईट वाटू नये म्हणून! विचारायचं नाही एकदा? उचलली कात्री आणि..."

तो उभाच राहिला. चेहरा उतरला होता.

"ते तुमचे बाबा?" त्याने हळूच विचारलं. "कालच्या तालमीला मी मागे बसलो होतो. सगळे हसले आणि ते... थोड्या वेळाने हसले. एकटेच. मला बघवेना. वाटलं, रांगेमुळे उशीर होतोय, म्हणून काढली. चुकलंच माझं. विचारायला हवं होतं."

तिने उगारलेलं बोट खाली घेतलं. रागवायला आलेल्या माणसाला असं निःशस्त्र करणं हाही एक अन्यायच!

"पण एक सांगू?" त्याने चष्मा वर सरकवला. "रांग बरोबर आहे. पट्टीवर वाक्य चढवणारा आळशी आहे. पाच वाक्यं जमल्याशिवाय तो उठतच नाही. आणि नाटक संपलं की उरलेली दोन-चार तशीच रांगेत मरतात. शेवटचं वाक्य कधी दिसलंच नाही कुणाला."

पट्टी सारखी लुकलुकू नये म्हणून तो पाचाचा नियम तिनेच घातला होता. म्हणजे बाबांचं हसू तिनेच उसनं ठेवलं होतं. तिने ओठ चावला.

"मग बघत काय राहिलायस? सरक."

"मघापासून 'तू' म्हणताय मला," तो खुर्ची देत म्हणाला.

"रागात म्हटलं."

"मग राग राहू दे."

रांग परत आली. वाक्य आलं की लगेच चढवायचं, वाचण्यापुरतं थांबवायचं, आणि रांग रिकामी झाल्याशिवाय प्रोग्राम बंद होऊ द्यायचा नाही, असं ठरलं. तपासायला एकाच वेळी बोलणारी दोन माणसं हवी होती. दोघांनी माईक असलेले हेडफोन कानांवर चढवले.

"भांड," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आपल्याला कारण लागतं?"

दोघं एकदम सुटले. खाली रिकाम्या नाट्यगृहात पट्टीवर एकेक वाक्य अख्खं उमटत गेलं. तिचं, मग त्याचं, मग तिचं. त्यात एक होतं: 'तुझा राग मला फार आवडतो.'

तिने भांडण थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "हे... चाचणीपुरतं होतं ना?"

"हो..." तो कीबोर्डकडे बघत म्हणाला. "चाचणीपुरतं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला नाट्यगृह भरलं. नटांचं ऐकायला दोघांनी तेच हेडफोन चढवले. साखरेचं वाक्य आलं, हशा पिकला, आणि वरच्या खोलीच्या काचेतून तिला बाबांचे खांदे गदगदताना दिसले. सगळ्यांबरोबर. अगदी त्याच वेळी! नाटकभर ती डोळे पुसत होती. तोही चष्मा पुसत होता.

पडदा पडला. शेवटचं वाक्यही दिसलं. टाळ्या चालू असतानाच तो म्हणाला, "माझं काम संपलं. उद्या परत जायचंय."

"उद्या? आणि हे आत्ता सांगतोस?"

"कधी सांगणार? तू बोलू देतेस?"

"म्हणजे चूक माझीच! चोराच्या उलट्या बोंबा! माणसाने यायचं, रांग कापायची, बाबांना हसवायचं, मला सवय लावायची आणि चालू पडायचं!"

"जायचं कुणाला आहे? तू एकदा तरी थांब म्हण!"

"मी का म्हणू? कालचं वाक्य चाचणीचं होतं ना तुझं?"

"नव्हतं! तू असं विचारलंस की मी घाबरलो! आवडतेस तू मला. रागावलेली, रडलेली, कशीही!"

"मग हे सांगायला एवढा वेळ? मलाही तू आवडतोस, मूर्खा! थांब इथेच!"

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. बाहेर मात्र लोक हसत होते. तिने काचेतून पाहिलं. कुणीही खुर्ची सोडली नव्हती. पट्टीवर होतं: 'चोराच्या उलट्या बोंबा!'

दोघांचे हात एकदम कानांकडे गेले. चाचणीचे माईक प्रोग्राममधून काढायला दोघंही विसरले होते.

"बंद कर! बंद कर ना!"

"केलं! होत नाही!"

होणार कसं? रांग रिकामी झाल्याशिवाय बंद व्हायचं नाही, हे त्या दोघांनीच शिकवलं होतं. दोघं एकमेकांवर ओरडले होते, एकमेकांचं तोडून बोलले होते, तरी वाक्य एकही मोडलं नाही की हरवलं नाही. क्रमाने, वाचायला पुरेसा वेळ देत, सगळं चढत राहिलं. तिने चेहरा झाकून घेतला. त्याने तिचा एक हात बाजूला करून धरून ठेवला, आणि तिने तो सोडवला नाही.

'मलाही तू आवडतोस, मूर्खा!' उमटलं. मग 'थांब इथेच!' आणि पट्टी काळी झाली.

पहिल्या रांगेतून बाबा उठले. वर काचेकडे बघत, सगळ्यांच्या आधी हसत, खणखणीत आवाजात ओरडले, "अगं, विझवलीस का? तो थांबतोय का नाही, ते वाचायचंय मला!"