पंचफुलाबाईंची तबकडी

धर्मपाल भगतांनी रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर काळे तुकडे पसरले.

"ही माझी आई," ते म्हणाले.

बाबुलाल दचकून उभे राहिले. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा भला माणूस उज्ज्वलाबाई आडेंच्या यवतमाळच्या कचेरीत मदतीला असायचा, आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं खरं मानायचा.

"आईचा आवाज म्हणताहेत ते," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "बसा, बाबुलालजी."

बाईंचा धंदा खाजगी चौकश्यांचा. नवरदेव पितो का, नोकरी खरी का. वीस वर्षं खोटारड्यांची तोंडं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर एक तुच्छता कायमची मुक्कामाला आली होती. म्हाताऱ्या बायांसमोर तेवढी ती उतरायची.

धर्मपाल आर्णीचे मास्तर. त्यांची आई पंचफुला तरुणपणी जयंतीच्या कार्यक्रमांत गायची. चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या कुणी तिची रेकॉर्ड काढली. सात इंची, दोन बाजूंना दोन गाणी. त्यातली ही एकच उरलेली. सहा महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला.

"तिले तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे, ताई. घरचं यंत्र कधीचंच मोडलं. रेकॉर्ड मात्र टिकली. लहानपणी भाऊ तिच्यावर बसला होता. वाकली, अन् पुन्हा सरळ झाली. आता पाहा काय हाल केले."

उज्ज्वलाबाईंनी एक तुकडा नखांत दाबला. कड मोडली आणि काळी भुकटी पडली. त्या भुकटीकडे पाहत राहिल्या.

"मधला कागद कुठं आहे? नाव छापलेला?"

"तो सापडलाच नाही."

दिग्रसला कापसाची सरकी काढणारी जिन चालवणाऱ्या विठ्ठलराव कोठेकरांकडे दर रविवारी सकाळी श्रवणसभा भरते. तिथं फक्त तबकड्या ऐकतात असं कळल्यावर धर्मपाल मागच्या रविवारी न कळवताच तिथं गेले. सगळे म्हणाले, चहानंतर लावूच. चहा ओसरीवर झाला. विठ्ठलराव यंत्र पुसायला मागं थांबले, मग बाहेर आले. सीडीवाला गोविंदा आणि कॉलेजातल्या प्रियंका मॅडम आत एकेक चक्कर मारून आले. सगळे परतले तेव्हा यंत्रामागच्या फरशीवर हे तुकडे.

"विठ्ठलराव म्हणतात, गोविंदाच्या हातून पडली."

"म्हणणारच," बाई म्हणाल्या.

---

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला होता. विठ्ठलरावांची जिन एकाच पाळीत चालत होती, तरी आवारातल्या श्रवणकक्षात हवेत तंतू तरंगत होते. भिंतभर तबकड्यांची पाकिटं. बाबुलालनी त्यांच्या वरच्या कडांवरून बोट फिरवलं तर बोट पांढरं झालं.

"इथं तर गादी भरता येईल," ते म्हणाले.

विठ्ठलराव रेशमी कुडत्यात होते. "हे पाहा बाई, सीडी म्हणजे डबाबंद आमरस. आणि मोबाइलवरचं गाणं म्हणजे नळाला तोंड लावून पिणं. तबकडीत ऊब असते. ती कळायला कान लागतात."

"मागच्या रविवारी काय ऐकलं?"

"एक मैफल. सव्वा तास. मी खुर्चीतून हललोसुद्धा नाही. फक्त एकदा उठावं लागलं, चरा आला म्हणून. याला श्रवण म्हणतात."

"यंत्र पाहू का?"

"इथूनच. दहा फुटांच्या आत कुणी जायचं नाही. सुई फार नाजूक असते."

बाई पाकिटांच्या रांगेशेजारून चालत गेल्या. खिडकीपाशी एकदा थबकल्या, मग पुढं गेल्या.

---

गोविंदाच्या दुकानात आता रिचार्ज आणि मोबाइलची कव्हरं विकली जात होती.

"माझ्या सीड्या लोकं वावरात टांगून राह्यले," तो म्हणाला. "पाखरं हाकलायले. तेवढीच कला उरली."

"मग त्या सभेत काहून जाता?"

"गाण्यासाठी जातो. शिव्या फुकट भेटतात. त्या मायचं गाणं सीडीवर उतरवून देतो म्हणलो, तर राव म्हणाले, तुझा हात लागला तर तबकडी बाटेल."

"आत कायले गेलते?"

"फोन आणायले. सगळ्याइचे फोन पोह्याच्या डब्यात बंद करतात ना ते! रावांचा सोडून. त्यांचा आतल्या खोलीत असतो, धंद्यासाठी."

बाहेर आल्यावर बाबुलाल कुजबुजले, "याचाच हात असेल, बाई. बोटं पाहिली? थरथरतात."

"तुमचीही थरथरतात. तुम्हाला अटक करू का?"

---

प्रियंका मॅडम कॉलेजच्या पायरीवर कानात इअरफोनची बोंडं घालून बसल्या होत्या.

"मी अ‍ॅपवर ऐकते आणि लाजत नाही. चहात आत गेले ते फोन घ्यायला. पंचफुलाबाईंचं गाणं शोधायचं होतं. सगळीकडं पाहिलं, कुठंच नाही. सरांना सांगितलंही, सर, हे आता फक्त तुमच्याच यंत्रावर वाजू शकतं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. घाम पुसला."

"जानेवारीत?"

"हो की."

"तो चरा कसा होता? तेच तेच वाजत होतं?"

"नाही. एकदम बंद. सर आतल्या खोलीत गेले. रुईच्या दराबद्दल बोलताना ऐकू आले. मग गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं."

उज्ज्वलाबाई हसल्या. बाबुलालना ते हसू माहीत होतं. त्यानंतर कुणाचं तरी लग्न मोडायचं.

---

रविवारी सभा भरली. धर्मपाल आले होते, गोविंदा, प्रियंका, आणखी पाचसहा डोळे मिटणारे. फोन डब्यात गेले. विठ्ठलरावांनी तबकडी ठेवली, दांडी टेकवली आणि खुर्चीत रेलले. खोलीत सतार भरली.

उज्ज्वलाबाईंनी मान हलवली. बाबुलालनी आपला फोन डब्यात टाकलाच नव्हता. त्यांनी नंबर लावला.

सतार गप्प झाली. आतल्या खोलीत घंटी वाजू लागली.

यंत्रावरची तबकडी मात्र शांतपणे फिरतच होती.

"बसून राहा, विठ्ठलराव," बाई म्हणाल्या. "चरा पडलेली तबकडी अडखळते, तेच तेच वाजवते. फोन आला की गप्प होतो तो मोबाइल. तुमचं गाणं आतल्या फोनमधून येतं, इथल्या स्पीकरला."

"हा अपमान आहे!"

"थांबा, अजून आहे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर पंचवीस मिनिटांचं गाणं मावतं, फार तर तिसाचं. तुम्ही सव्वा तासात एकदा उठलात, तेही आत जायला. बाजू पालटली कुणी? नळाला तोंड लावून कित्येक महिने तुम्ही पिताय, आणि ऊब या लोकांना कळते आहे."

डोळे मिटणाऱ्यांनी डोळे उघडले.

बाई सरळ चालत गेल्या, दहा फुटांचा नियम तुडवत, आणि दांडी उचलली. खाली सुई नव्हतीच.

"म्हणून पंचफुलाबाईंची तबकडी फुटायलाच हवी होती," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं फोनवर मिळतं. हे एक गाणं मिळत नव्हतं. नाही म्हणायला कारण नव्हतं, वाजवायला सुई नव्हती."

"पण फुटली ना शेवटी?" बाबुलाल म्हणाले.

"फुटलीच नाही. धर्मपालजींचा भाऊ जिच्यावर बसला ती प्लॅस्टिकची, वाकणारी. रुमालातले तुकडे नखानं मोडतात. ते लाखेचे, जुन्या चावीच्या बाजाच्या काळातले. यांनी घरातली आपल्या आजोबांची एखादी फोडली असेल, आणि कागद ओळखू येईल म्हणून तेवढा काढून घेतला. हजार तबकड्यांचा मालक, आणि लाख कुठली, प्लॅस्टिक कुठलं, एवढंही माहीत नाही. गोविंदाला माहीत असतं. त्यानं असले तुकडे टाकलेच नसते."

त्या खिडकीपाशी गेल्या.

"या सगळ्या पाकिटांवर कापसाची साय आहे. कित्येक महिन्यांत हात लागलेला नाही. फक्त या एकाची कड स्वच्छ."

मोठं पाकीट उपडं केलं. सात इंची तबकडी हातात पडली. धर्मपालनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खाली बसले.

विठ्ठलरावांचा आवाज बारीक झाला. "सुई मुंबईहून मागवायची राहून गेली. जिनचं असं झालेलं... गावात एवढंच नाव उरलं होतं माझं. ही मी सावकाश परत करणार होतो."

"त्या बाईजवळ सावकाश आहे का, ते विचारलं होतं?"

सभेतून एकेक जण पोह्याच्या डब्यातून फोन उचलून निघून गेला. कुणी नमस्कारही केला नाही.

"आता ही वाजवायची कुठं?" धर्मपालनी विचारलं.

"माझ्याकडं सुई आहे," गोविंदा म्हणाला. "यंत्रही आहे. लोकाइच्या रेकॉर्डी सीडीवर उतरवायचो, त्या वक्ताचं. म्हणलो होतो, कोणी ऐकलंच नाही."

---

दुपारी आर्णीत, भगतांच्या पुढच्या खोलीत, गोविंदानं सुई टेकवली. आधी खरखर. मग बावीस वर्षांची एक पोरगी गाऊ लागली, मोकळ्या, जरा उद्धट आवाजात, माईकची पर्वा नसल्यासारखी.

पंचफुलाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. गळ्याला फडकं. एक बोट खाटेच्या कडेवर ताल धरत होतं. उज्ज्वलाबाईंनी तोंड दाराकडं वळवलं होतं.

गाणं संपलं. म्हातारीनं मुलाला जवळ बोलावलं आणि नुसते ओठ हलवले. धर्मपाल वाकून पाहत होते. एकाएकी हसू लागले, डोळे पुसत.

"काय म्हणते माय?" बाबुलालनी विचारलं.

"म्हणते, दुसऱ्या कडव्यात ढोलकीवाल्यानं घाई केलती. चव्वेचाळीस वर्षं झाली, मेला अजून तशीच करून राह्यला."