निनादचा गुडघा

लंगडण्यात निनादचा फायदा एकच होता, पण भरघोस होता… अख्खी सकाळ अस्मीबरोबर.

ईदच्या सुट्टीत दुबईची मराठी मंडळी रवांडाला निघाली, तेव्हा विमानात अस्मी निनादच्या खिडकीच्या जागेवर खुशाल बसलेली होती. कोण कुठलं, ते तोवर दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“ही सीट माझी आहे.”

“मग उठवा की.”

त्याने उठवलं नाही. गडी तिथेच हरला.

पुढचे दिवस हिरव्यागार टेकड्यांत कसे गेले, ते निनादला विचारू नये. किवू सरोवरातली बोट झाली, झाडांवरून माना काढणारे जिराफ झाले. पण त्याच्या फोनमध्ये जिराफापेक्षा अस्मीचीच मान जास्त होती.

मग आली गोरिलांची पहाट. डोंगराच्या पायथ्याशी, धुक्यात, गाइड माणसांचे गट पाडत होता. एका गोरिला-कुटुंबाकडे आठच जणांना सोडतात. तगडी माणसं उंचावरच्या कुटुंबाकडे, बाकीची जवळच्या. अस्मी आईचा, म्हणजे सुनेत्राकाकूंचा, हात धरून जवळच्या गटात गेली. निनाद सुट्टी मिळाली की रास अल खैमाचे डोंगर पळत चढणारा. गाइडने त्याला एकदा न्याहाळलं आणि तगड्यांकडे बोट दाखवलं. इकडे जवळच्या गटात एकच जागा उरलेली…

निनादने गुडघा धरला. “जुनं दुखणं आहे हो.”

जागा मिळाली. त्याच जागेवर डोळा ठेवून आलेले गुणवंतकाका, सहलीचे पुढारी, आपल्या पोटासकट तगड्यांत गेले. “तरुण दिसतो बहुतेक मी, हबीबी!” जाताना ते खुशीत ओरडले.

बांबूच्या रानात गुडघाभर चिखल होता. अस्मीने हात पुढे केला. तो निनादने गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ धरला.

“फार दुखतंय?”

“चढावर… थोडं.”

“हा तर उतार आहे.”

“उतारावर जास्त.”

ती हसली. आणि एकदम थबकली. समोर, हातातल्या देठाची साल काढत, मोठा नर बसला होता. पाठ चांदणं पडल्यासारखी. पिल्लू त्याच्या पोटावरून घसरगुंडी खेळत होतं. कुणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. अस्मीने निनादची बाही घट्ट धरली होती आणि ते तिच्या लक्षात नव्हतं… किंवा होतं.

ते लंगडणं तिथेच सोडून यायला हवं होतं. पण दुबईत उतरल्यावर सुनेत्राकाकूंनी औषधी तेलाची बाटली आणून दिली. मग डिंकाचे लाडू. मग “जेवायलाच येत जा, एकटाच तर राहतोस.” निनाद त्यांच्या अल कुसैसच्या घरी जाऊ लागला, लिफ्टमधून बाहेर पडताना आठवणीने लंगडत.

एका संध्याकाळी खाडीकाठी अस्मी म्हणाली, “आईला तू आवडतोस.”

“मग?”

“पण नको म्हणते. मुलगा सोन्यासारखा आहे, पण या वयात गुडघा गेलेला. जन्मभर तू त्यालाच सांभाळणार का, म्हणते.”

निनाद कात्रीत सापडला. खरं सांगावं तर लबाड, न सांगावं तर लंगडा. दोन्हीकडून अस्मी जाणार.

“काय झालं?”

“काही नाही. कळ आली जरा…”

“कोणत्या गुडघ्यात?” तिने पाण्याकडे बघत विचारलं.

त्याच शनिवारी गुणवंतकाकांकडे सहलीचे फोटो बघायला सगळे जमले. काका सोफ्यावर, एक पाय स्टुलावर टाकून. अस्मी टीव्हीवर फोटो सरकवत होती. चिखल आला, बांबू आले, आणि सुनेत्राकाकूंनी सवयीने पर्समधून तेलाची बाटली काढली. “ये रे, घटकाभर चोळून देते.”

निनाद उभा राहिला. दोन्ही पायांवर, सरळ.

“काकू, माझा गुडघा ठणठणीत आहे. कधीच दुखत नव्हता. मला अस्मीच्या गटात यायचं होतं… बस, एवढंच.”

काकूंनी बाटली मांडीवर ठेवली.

“म्हणजे… माझे लाडू?”

“ते खरंच आवडले, काकू.”

“अस्मी, ऐकलंस?”

अस्मीने टीव्हीवर दोन फोटो दाखवले. चढताना निनादने डावा गुडघा धरलेला. उतरताना उजवा.

“तुला तेव्हापासून माहीत होतं?” निनादचा आवाज खाली गेला.

“कधी सांगतोस ते बघत होते.”

“आणि नसतं सांगितलं तर?”

“खलास.” ती हसली नाही. मग मात्र तिची नजर त्याच्यावर जी टेकली… ती हलेना.

सुनेत्राकाकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं. “उद्या जेवायला ये. पायऱ्या चढून. लिफ्ट बंद आहे असं समज.”

“नवव्या मजल्यावर?”

“का? दुखतोय?”

सगळे हसले. हसले नाहीत ते गुणवंतकाका. “थांबा. म्हणजे ती आठवी जागा… माझी होती?”

तर निनादला अस्मी मिळाली. अस्मीला खरं ऐकायला मिळालं. सुनेत्राकाकूंना नऊ मजले चढणारा जावई. एवढ्याची किंमत मोजली ती काट्याकुट्यांतून दिवसभर डोंगर चढलेल्या एकाच माणसाने. त्याने आता पँट वर सरकवली. गुडघा अजून नारळाएवढा सुजलेला होता.

“ती बाटली इकडे आणा,” काका म्हणाले. “आणि चोळायला जावईबापूंनाच बसवा. यल्ला, चला!”