बोलण्याचा तास

बाहेर आषाढाची झड लागली होती आणि मी चुकीच्या वर्गाचं दार ढकललं. आत एकच माणूस होता. फळ्यापुढं उभा राहून, मान खाली घालून, तो रिकाम्या बाकांना काहीतरी समजावून सांगत होता... इतक्या हळू, की पहिल्या बाकावर कुणी असतं तरी त्याला ते ऐकू गेलं नसतं.

"बाकांना पटलं का?" मी विचारलं.

तो दचकला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, पण पळाला नाही.

"पुढच्यांना पटलं," तो म्हणाला. "मागचे जरा कठीण आहेत."

मला हसू आलं. मी जन्माची फटकळ. मुलाशी बोलायचं नाही हा वसतिगृहातल्या बाईंचा नियम मला ऐन वेळी कधी आठवायचाच नाही.

त्याचं नाव जिनदत्त मगदूम. सांगलीच्या पेठेत त्याच्या वडिलांचं हळदीचं दुकान होतं. मी मनुबाई, वडूजची. आमच्या भागातल्या मुली तेव्हा चौथीनंतर शेतात जायच्या. मी कॉलेजात आले ती जोतीरामदादाच्या हट्टानं. तो पलटणीत होता, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. 'मनू शिकल, तिथवर शिकवायची' असं आबांना बजावून तो गेला होता. आबा स्वतः मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले पेन्शनर. त्यांनी आयुष्यात फक्त दादाचं ऐकलं.

आमच्या कॉलेजात आगाशे सर दर शनिवारी बोलण्याचा तास घ्यायचे. भाषण कसं करावं, संवाद कसा करावा, ऐकावं कसं... परीक्षेत त्याला एक मार्क नव्हता, त्यामुळं सगळं कॉलेज त्या तासाला हसायचं. सुट्टीत मी घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "बोलायला कालेजात शिकवत्यात व्हय? जिभंला हाड न्हाई, तिला कसलं शिक्षान?"

मी त्या तासाला जायची ती बक्षिसं मिळवायला. जिनदत्त का येतो, हे मी त्याला एकदा विचारलंच.

"आमच्या धंद्यात तोंडानं बोलतच नाहीत," तो म्हणाला. "दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, खालून बोटं दाबायची... भाव ठरला. माझ्या घरी सगळंच असं. आई रागावली तरी कळत नाही, वडील खूश झाले तरी कळत नाही."

"बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात."

"आमची हळद तर न बोलता खपते, मनुबाई."

"हळद खपेल हो. तुमचं काय?"

तो परत लाल झाला. मला त्याला लाल करायची चटकच लागली होती, खोटं कशाला सांगू.

*

एका शनिवारी सरांनी आमच्या जोड्या लावल्या. एकानं आपल्या मनातलं काहीतरी सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि मग सगळ्यांपुढं तेच सांगायचं. "सांगणाऱ्यानं 'हेच म्हटलं होतं मी' असं कबूल केलं, तर पास," सर म्हणाले. "बोलता सगळ्यांना येतं. ऐकून घेता येतं का, ते आज बघू."

माझ्या वाट्याला जिनदत्त आला. तो म्हणाला, लहानपणी तो तापानं फणफणला होता तेव्हा वडील रात्रभर उशाशी बसून होते, पण सकाळी दुकानात जाताना एक शब्द बोलले नाहीत. मी उठले आणि त्यावर असं भाषण ठोकलं, की वर्गानं टाळ्या वाजवल्या. बापाचं काळीज, मुक्या प्रेमाचा सागर, सगळं आलं त्यात.

"हेच म्हटलं होतं?" सरांनी विचारलं.

जिनदत्त उभा राहिला. "नाही सर," तो म्हणाला. "यांनी छान सांगितलं. पण मी म्हटलं होतं, की मला तेव्हा राग आला होता."

मी नापास झाले. संतापून खाली बसले. मग माझी पाळी आली सांगायची, आणि रागाच्या भरात मी खरंच सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. पोस्टमन आळीत शिरला की आई भांडी घासायला लागते. घासलेलीच परत घासते. मी जवळ असले तर मीही राख घेऊन तिच्याशेजारी बसते, आणि आम्ही एकमेकींकडं बघत नाही...

तो उठला. मान आज वर होती. त्यानं चार वाक्यांत सांगितलं. माझंच, माझ्याच शब्दांत. मी जिथं थांबले होते तिथं तोही थांबला. पावसात त्याचा तो हळू आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला.

"हेच म्हटलं होतं का?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली. डोळे पदरानं पुसत मी बसून राहिले. त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले.

*

वर्ष सरत आलं. कृष्णेच्या घाटावर उन्हं उतरली होती. माझी मैत्रीण गुणमाला चार पायऱ्या वर बसून पुस्तक वाचल्याचं सोंग करत होती.

"आबांनी स्थळ बघितलंय," मी म्हटलं. "हवालदार आहे. सुट्टीत घरी गेले की... ठरवतील."

तो पाण्याकडं बघत राहिला. माझ्या मनात आलं, आता हा रुमाल टाकणार, आणि मला काहीच कळणार नाही.

"मी वडूजला येतो," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांशी बोलतो. तोंडानं. पण त्याआधी तुमच्याशी बोललं पाहिजे, नाही का?"

"बोला की."

"मनुबाई, मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला... तुम्हाला चालेल का?"

इतकं साधं. मी किती सुंदर वाक्यं मनात रचून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडून निघालं नाही.

"चालेल," मी म्हटलं.

मग आम्ही तालीम केली. मी आबा झाले, मिशीला पीळ दिला. "कोन रं तू?" मी दरडावलं.

"मी जिनदत्त मगदूम, सांगलीचा..."

"मोठ्यानं बोल, गड्या. पलटणीत असतास तर येक दिस टिकला नसतास."

"तुमची मुलगी रोज हेच म्हणते," तो म्हणाला, आणि वरच्या पायरीवर गुणमालेचं पुस्तक हलायला लागलं.

सूर्य कलला तसा तो उठला. तो धर्मानं जैन. दिवस मावळायच्या आत त्याला जेवायचं असे, आणि त्यानंतर पाण्याचा थेंबही तो घेत नसे. हे मला माहीत होतं. आबांचा स्वभाव, आईची भीती, गावचा रस्ता, सगळं मी त्याला सांगितलं. पण आमच्या गावची एक गोष्ट सांगायची राहिली. तिचा त्याच्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

*

वैशाखात तो आला. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की धापा टाकत थांबायच्या. दुपारी पोचायचा तो दिवस मावळून गेल्यावर आमच्या अंगणात उभा राहिला. धुळीनं माखलेला, खाली मान घातलेला, अनोळखी.

आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. "या, वर या. पानी घ्या."

"नको," तो म्हणाला. "पाणी नको."

आई जागच्या जागी थांबली. आमच्याकडं मयताचा सांगावा आणणारा माणूस असाच येतो. अंगणातच उभा राहतो, उंबरा चढत नाही, आणि घरचं पाणी घेत नाही. शेजारच्या रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. आबा बाजेवरून उठले आणि उभेच राहिले. मी सैपाकघराच्या दारात होते. मला सगळं कळलं होतं. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं... पण आईचं तोंड बघून माझी दातखीळ बसली. वर्षभर बक्षिसं मिळवणारी मी, आणि तोंडातून शब्द निघेना.

जिनदत्तनं मान वर केली. पाठ केलेलं पहिलं वाक्य त्याच्या ओठांवर होतं, ते त्यानं तिथंच सोडलं.

"आई, तुम्ही घाबरलात," तो म्हणाला. "कुणाची काळजी आहे?"

"माजा जोती..." आई म्हणाली.

"मी जोतीरामांची कसलीच बातमी आणलेली नाही. चांगली नाही, वाईट नाही. मी माझ्या कामासाठी आलोय."

"मग पानी का नगं म्हनलास?"

"आमच्यात दिवस मावळल्यावर..." त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला. आई ऐकतच नव्हती. तिचे डोळे तांब्यावर होते. तो पायरी चढून वर आला, खाली बसला, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्याला.

आई मटकन बसली आणि रडायला लागली. मग हसली. मग परत रडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या पाण्यासाठी उपवास धरला. आईला ते कळलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवली. "माज्यापायी उपाशी ऱ्हायलं वं पोरगं," ती आबांना म्हणाली. त्याच रिकाम्या पोटानं तो आबांपुढं बसला आणि मला मागणी घातली. त्याच्या घरीही कुणी साखर वाटली नव्हती. त्याची आई, आक्काताई, हे ऐकल्यापासून त्याच्याशी बोलत नव्हती. तेही त्यानं लपवलं नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आमी मराठं, तुमी जैन," ते म्हणाले. "गाव काय म्हनंल त्ये मी सोसीन. पर पोरीला जोतीनं शिकवली. त्यो रजंवर येऊ दे. त्यो व्हय म्हनला तर व्हय. तवर हवालदारालाबी शब्द देत न्हाई आन् तुलाबी."

आम्ही दादाची वाट बघायला लागलो. पहिल्यापेक्षा जास्त.

*

माघात एक दिवस आबा कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. फेटा बांधलेला, पण विस्कटलेला. मी धावत गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"त्या मगदुमाच्या पोराला बोलीव," ते म्हणाले.

जिनदत्त आला. आबांनी खिशावर हात ठेवला. "तार आली. ब्रह्मदेशातनं."

पुढं काही सांगायची गरज नव्हती. मी फाटकाचा गज धरला. दादाचा चेहरा आठवायला गेले तर तोही धड आठवेना, नुसता त्याचा आवाज... 'मनू शिकल, तिथवर.'

"हिच्या आईला अजून ठावं न्हाई," आबा म्हणाले. "पेन्शनीच्या कामाला जातो म्हनून सांगून आलोय. मी लय घरी असला सांगावा न्हेला, गड्या. जरा आजारी हाय म्हनायचं, या बघायला म्हनायचं. त्या बायका माज्या तोंडाकडं बघत बसायच्या. तसं हिच्या आईला करायचं न्हाई मला. आन् खरं सांगायला मला तोंड फुटंना. तू चल."

जिनदत्तचे डोळे भरले होते. "आबा, मी परका..." तो म्हणाला. "माझ्या तोंडून त्यांना..."

"परका असतास तर हितवर आलो नसतो. ही घरच्यानं सांगायची गोष्ट हाय. चल."

रात्रीच्या आगगाडीत आणि सकाळी वडूजच्या मोटारीत आम्ही तिघं समोरासमोर बसलो. मला रडू येत होतं, आणि त्या रडण्यात, आबांनी त्याला घरचा म्हटलं, हेही मिसळलं होतं. त्याची मला लाज वाटत होती.

आई अंगणात जोंधळे पाखडत होती. आम्हाला तिघांना एकत्र बघून तिचे हात थांबले. आबा दाराशीच खांब धरून उभे राहिले. जिनदत्त तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं वळला.

"त्या तुमच्याकडं बघतायत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बोला. मी इथंच आहे."

मी तिच्या अगदी जवळ बसले. सूप बाजूला सारलं. वाटेत जुळवलेलं सगळं मी टाकून दिलं.

"आई, दादा गेला," मी म्हटलं. "लढाईत गेला. तार आलीया. आता त्यो येनार न्हाई."

"खरं?"

"खरं."

तिनं मला घट्ट धरलं आणि हंबरडा फोडला. मीही तिला धरून रडले. आळी गोळा झाली. रंगूबाई आली, बायका आल्या. जिनदत्त आबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसून होता. मधेच आबा दादाच्या लहानपणचं काहीतरी सांगायचे आणि तो ऐकायचा.

उन्हं कलली तसा तो उठला. घरात सुतक, गोतावळा जमलेला. आपण कुणाला अडचण होऊ नये म्हणून तो चपला शोधायला लागला. आईनं ते बघितलं. तिचा आवाज बसला होता.

"आज चूल पेटायची न्हाई, बाळा," ती म्हणाली. "उपाशी ऱ्हावं लागंल. पर जाऊ नगंस."

तो चपला तिथंच ठेवून परत आबांच्या शेजारी जाऊन बसला.