खाली न टेकलेली खाट

अबे दिनेश, त्या खाटेवर बसू नोको. खाली सतरंजी टाकली ना? मंग तिथी बस. दानिश, तू बी. हां दिनेश, आता काय म्हणत होता ते परत म्हण. "नाल्याले पूर असला तं गाडी परत फिरवाची, नियमच हाये." अँब्युलन्सवर लागून तुले महिना नाई झाला, अन् मले नियम सांगतं? चूप बस. आयक.

आपला कय्यूम, या दानिशचा मामा, तुह्यासारखाच अँब्युलन्सचा ड्रायव्हर. मागच्या सालची गोष्ट. २३ जुलै, बुधवार. दुसऱ्या दिवशी दिव्याची अवस. रात्री साडेबाराले त्याले फोन आला. नाल्यापलीकडच्या वस्तीतून, टोल्यावरून, आशाताई ललिताचा. जंगूची पोट्टी रंजीता चटईवर निजली होती, उठली तं म्हणे पोट दुखते. कुठी सूज नाई, डाग नाई. घरचे म्हणे, काई बाई खाल्लं असन. ललितानं तोंडावर टॉर्च मारला. पापण्या पडून राह्यल्या, जीभ जड. तिनं बरोबर ओळखलं.

"कय्यूमभाऊ, मण्यार चावली हाये. श्वास बंद पडाच्या आत पोचवा लागते. तुमी नाल्यापाशी या, आमी खाटेवर आणतो."

कय्यूम निघाला. आलापल्लीपासून अकरा किलोमीटर. पाऊस थांबला होता, सागाच्या पानावरून थेंब पडत होते.

नाल्यावर पूल? कायचा पूल बे! साहेब आले, नारळ फोडला, पाटी लावली, फोटो काढले. पाटी हाये अजून. ते पाटी पाह्यली का माह्या आंगाची लाही होते.

पुढचं मले जंगूनं स्वतः सांगतलं. तो अन् तिघं जण, खांद्यावर खाट. नाला हाकेवर राह्यला अन् चिखलात एकाचा पाय घसरला. खाटेचा दांडा कडकन मोडला. आता पोट्टीले आणाचं कायच्यावर? बाजूले मोहाचं झाड. झाडाखाली एक खाट उलटी पडलेली.

सुकरीची.

टोल्यात रिवाज हाये. वाटेत ज्या खाटेवर माणूस मेला, ते खाट गावात परत नेत नाईत. तिथीच उलटी ठेवतात. कोणी हात लावत नाई. दोन साल आधी सुकरीले बाळंतपणाले असंच आणलं होतं. काठावर खाट खाली ठेवली, गाडीची वाट पाह्यली. गाडी आली. पाणी पाह्यलं. परत गेली. सुकरी पोटातल्या लेकरासकट तिथीच मेली. त्या गाडीत कोण होतं? सांगतो. थांब.

जंगूनं खाटेले हात लावला. बाकीचे म्हणे, "काका, नोको." जंगू म्हणे, "माही पोट्टी मरून राह्यली." मंग वाकला, खाटेलेच म्हणे, "सुकरीबाई, तुही खाट दे. जे करशीन ते मले कर."

खाट सरळ केली. ललितानं रंजीताले कुशीवर घेतलं, लाळ घशात जाऊ नये म्हणून. उचलली. काठावर आले. पाणी छातीएवढं. इकडून कय्यूम ओरडला, "थांबा! खाली ठेवा! पाणी उतरू द्या!"

चौघं वाकले.

खाट खाली जाईना.

जोर लावला. जमिनीपासून वीतभर वर... तिथीच अडली. रंजीताचा श्वास तुटत होता. अन् खाटेखालून...

"ठेवू नोका."

बाईचा आवाज. दात आवळून काढलेला.

"मले ठेवलं होतं..."

खाट आपणच खांद्याएवढी उठली अन् पुढं निघाली. ओढत. चौघं तिच्यामागं. पाण्यात.

कय्यूमनं हेडलाइट मारले. चार डोकी दिसली. मागं जंगूचा सदरा धरून ललिता. अन् खाटेखाली... आणखी एक डोकं. मोकळे केस पाण्यावर. खाट तिच्या डोक्यावर.

काठ आला. तिनं वर पाह्यलं. कय्यूमकडं नाई. गाडीकडं. ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटकडं. सीट रिकामी होती.

"तो कुठी हाये?"

कय्यूमनं सीटकडं मान वळवली, मंग परत पाह्यलं तं... खाटेखाली कोणी नाई.

रंजीताले गाडीत घेतलं. खाट तिथीच काठावर राह्यली. ललितानं वाटभर तोंडावर मास्क धरून त्याची रबरी पिशवी दाबून दाबून श्वास देल्ला. पोट्टी वाचली. बारा दिवसांनी आपल्या पायानं घरी गेली.

आता आयक. त्या बाजूच्या सीटवर दोन साल आधी कोण बसलं होतं? मी. हा गुणवंतराव. दवाखान्यात ड्रेसर होतो मी, जखमेवर पट्ट्या बांधाचो. ड्रायव्हर म्हणत होता, भाऊ, दोर टाकून पाहू. मी म्हणलो, नियम नाई, फिरव गाडी. पलीकडे ते हात हलवून राह्यले होते. मले दिसत होते. साहेबाले, पाटीले शिव्या देतो मी, पण फिरव कोण म्हणलं? मी म्हणलो! म्हणून तुह्या तोंडून तो नियम आयकला अन् वाटलं, तुह्या कानाखाली द्यावी, नाईतं माह्याच.

२४ जुलैले पहाटे पाचले मी दार उघडलं. आंगणात खाट. सरळ, चारी पायावर. कय्यूमनं आणली नाई, जंगूनं आणली नाई. टोल्यावाले परत न्याले तयार नाईत. मी दोनदा नाल्यावर नेऊन ठेवली. सकाळी इथीच.

आज मे ची अठरा. शेचाळीस डिग्री ऊन तापलं, हापशीले पाणी नाई. दानिश, टॉर्च मार तिकडं. दिनेश, त्या खाटेच्या दोरीले हात लाव.

लाव म्हणतो ना.

...ओली हाये?