छेद खालच्या बाजूला

माझ्या धाकट्या बहिणीची सायकल तिच्या नवऱ्याने, आमच्या जावईबापूंनी, माझ्या सायकलच्या दुकानात आणून ठेवली, तेव्हा पुढच्या चाकात हवा नव्हती. बाकी सायकलीवर ओरखडासुद्धा नव्हता, सगळा मार तिच्या मालकिणीने खाल्ला होता. शर्यतीच्या सरावात वळणावर घसरली, कठड्यावर आपटली आणि मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसली. आता ती हॉस्पिटलात होती. छातीत साठणारी हवा काढायला कुशीत नळी, नळीचं टोक कॉटखालच्या पाण्याच्या बाटलीत. बाटलीत बुडबुडे येताहेत तोवर आतला छेद उघडा, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. उद्या सकाळपर्यंत थांबले नाहीत तर छाती उघडावी लागेल, आणि त्यातून ती उठेलच असं सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या.

सकाळभर मी ती बाटली बघत बसले होते. लहान लहान तीन बुडबुडे, जरा थांबून एक मोठा. माझ्या बघण्याने ते काही कमी होईनात. हाताला काम नसलं की माझं डोकं नको तिथे जातं, म्हणून दुकान उघडलं.

शर्यतीच्या या टायरला वेगळी ट्यूब नसते. ती टायरच्या पोटातच शिवलेली असते आणि अख्खा टायर डिंकाने रिमला चिकटवलेला असतो. ठिगळ लावायचं तर टाके उसवा, लावा, पुन्हा शिवा. त्यापेक्षा आम्ही सीलंट घालतो. दुधासारखा पातळ चीक व्हॉल्व्हमधून आत सोडायचा. हवा निसटायला लागली की तो तिच्याबरोबर छेदापाशी जातो आणि तिथेच घट्ट होतो. पथ्य एकच. छेद खालच्या बाजूला ठेवायचा, हवा बेताची भरायची आणि धीर धरायचा. एकदम पूर्ण हवा भरली की कोवळा चीक फुटलाच म्हणून समजा.

टायरमधून काचेची बारीक चीप निघाली. थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावलं. लहान लहान तीन बुडबुडे आले. जरा थांबून एक मोठा.

अंगारे-धुपारे करणाऱ्यांतली मी नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते, एवढंच. बुडबुडे इथूनतिथून सारखेच, असं म्हणून मी व्हॉल्व्हची कळ काढली, सिरिंजने चीक सोडला, कळ परत बसवली. चाक फिरवून छेद खाली आणला आणि पाचर लावून ठेवलं. हात पुसतेय तोच फोन वाजला.

"ताई, ती झोपेतच कुशीवर वळली," जावईबापू म्हणाले. "मार लागलेल्या कुशीवर! तिथे कुणाला हात लावू देत नव्हती ना? सिस्टरनी सरळ केलं, तर परत वळली."

"दुखतंय का तिला?"

"नाही हो. शांत झोपलीय. आणि बुडबुडे कमी झालेत."

मी चाकाकडे पाहिलं. छेदापाशी पांढरा थेंब जमला होता.

दुपारी जावईबापू दुकानात आले. माणूस दोन रात्रींचा जागा होता, पण चेहरा उजळला होता. त्यांना मी खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेले. स्टोव्ह पेटवतेय तोच बाहेर पंपाचा आवाज.

"अहो जावईबापू, नका!"

"तिला सांगतो ना, तुझं चाक टणक करून..."

फस्स झालं. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या चिकाचे शिंतोडे उडाले. जावईबापू पंप धरून तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या खिशात फोन वाजला.

सिस्टरचा होता. ताबडतोब या म्हणाल्या. बाटली नुसती खदखदत होती.

"चला ताई!" ते दारातून ओरडले.

मी दारापर्यंत गेले. माझी एकुलती एक बहीण तिथे श्वासासाठी धडपडत होती. शहाण्या बाईने धावत सुटावं. मला माझी लाज वाटत होती, तरी पाऊल पुढे पडेना.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "मी येतेच."

त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी विसरणार नाही.

सीलंटच्या बाटलीत उरलेला सगळा चीक मी टायरमध्ये सोडला. छेद खाली आणला. हवा अगदी बेताची, हलक्या हाताने. चीक बाहेर झिरपत होता, थेंब थेंब फरशीवर पडत होता.

लहान लहान तीन. जरा थांबून एक मोठा.

मी फरशीवर बसले आणि चाक दोन्ही हातांनी धरलं. "घाई नको गं बाई," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते तेव्हाही कळलं नाही.

दोन. एक.

उन्हाची तिरीप भिंतीवरच्या शिंतोड्यांपर्यंत आली.

थेंब लोंबला, पण पडला नाही.

टायर माझ्या हातात किंचित फुगला. पंप कोपऱ्यात पडलेला होता.

मग किंचित ओसरला. पुन्हा फुगला.

फोनवर जावईबापू रडत होते. "थांबले, ताई. एकदम थांबले. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं कधी कधी होतं."

असं कधी कधी होतं. मीही आजवर तेच म्हणत आलेय.

ऑपरेशन झालं नाही. नळी निघाली, धाकटी घरी आली, खायला आणि भांडायला लागली. आता चढावर पूर्वीसारखीच पुढे असते. तिच्या सायकलला मी दुसरं चाक बसवलंय. जुनं दुकानात उंचावर, कुणाचा हात पोचणार नाही असं टांगलंय. या टायरना रोज हवा भरावी लागते. त्याला अजून एकदाही भरावी लागलेली नाही.

काल ती दुकानात आली होती. स्टुलावर बसून पुढच्या शर्यतीबद्दल तोंडाचा पट्टा चालू होता. मी शिडीवर चढून वरची धूळ झटकत होते. तोल सावरायला हात टाकला, तो त्याच टायरवर पडला. अंगठा जरासा रुतला.

खाली धाकटी वाक्याच्या मधेच गप्प झाली.

मी अंगठा उचलला.

तिने श्वास घेतला आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.