मापाचा माणूस

सोमवारी सकाळी होडीत सामान चढलं ते नेहमीचंच. बटाटे, कांदे, रॉकेलचा डबा, दोन टॉर्चचे सेल आणि प्राध्यापक काकांची बिस्किटं. ती नसली की काकांचं डोकं चालत नाही म्हणे. असली तरी कितपत चालतं, हा प्रश्न घरात फक्त धाकटी मुलगीच विचारायची.

होडी तिची होती. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हापासून ती एकमेकांना जोडलेल्या चारही तळ्यांवर सामान, टपाल आणि हौशी माणसं नेत-आणत असे. पाहुण्यांना घरचे सांगायचे, "सध्या ती थोडी थांबली आहे." घरात तिचं नाव गोचीड. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून.

धक्क्यावर बाबा आले होते, हात मागे बांधून.

"दादाला सांग, काकांना नीट मदत कर म्हणावं."

"आठ दिवस त्याचा फोन नाही, बाबा."

"रेंजसाठी टेकडीवर चढायला वेळ होत नसेल. काम मोठं आहे."

"ताप असताना तो टेकडी चढून आईशी बोलला होता. तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

बाबांनी पाण्याकडे बघितलं. अवघड प्रश्न आला की ते नेहमी असेच दुसरीकडे बघत. "तिथे जाऊन काही बोलू नकोस. मोठा भाऊ आहे माझा."

"आणि दादा माझा. मी त्याला आज घेऊन येणार," ती म्हणाली आणि दोर सोडला.

पहिलं तळं वाऱ्याचं, दुसरं माशांचं. तिसऱ्या तळ्यात जायला लव्हाळ्यांमधून एक अरुंद वाट आहे. तिथे मोटार बंद करून बांबूने होडी ढकलावी लागते. त्या वाटेत शिरलं की मागचं जग कुणीतरी दार लावून घ्यावं तसं बंद होतं. दोन्ही बाजूंनी जंगल थेट पाण्यात उतरलेलं. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता आणि पाणी कधी नव्हे इतकं मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळाला कुजलेल्या पानांचा, गोडसर वास येत होता. होडीखालून काळ्या खुंटांच्या रांगा सरकत होत्या. कुठलेही राजे होण्याच्या आधी, लिहिणं कुणाला सुचायच्याही आधी, या खुंटांवर घरं बांधून माणसं राहायची. ती कोण होती आणि कुठे गेली, हे कुणाला माहीत नाही. काकांना माहीत होतं. काकांना सगळंच माहीत असायचं.

त्यांना गाळात होडी सापडली होती. एकाच बुंध्यातून कोरलेली, आख्खी. अशी ओली लाकडं वर काढली की सुकू द्यायची नसतात, नाहीतर तडकून त्यांचा भुगा होतो. म्हणून काकांनी दादाला बोलावून घेतलं होतं. दादा कुणाला नाही म्हणत नसे. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला, तरी कुणी मोठ्याने हाक मारली की तो हातातला घास ठेवून उठायचा.

तंबूपुढे काका घडीच्या खुर्चीत लिहीत बसले होते. दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री. जंगलात इस्त्री कोण करत होतं, हे तिने विचारलं नाही.

"आलीस? बिस्किटं आणलीस?"

"दादा कुठे आहे?"

"कामात आहे. त्याला बोलण्यात गुंतवू नकोस."

तंबूमागे निळ्या ताडपत्रीच्या सावलीत ओंडक्यांवर ती होडी ठेवलेली होती. काळी, लांब, जेमतेम एका माणसाच्या रुंदीची. आतल्या बाजूला कोरणाऱ्याच्या हत्याराचे घाव इतके ताजे दिसत होते, की छिलके शेजारीच कुठेतरी पडलेले असतील असं वाटावं. दादा गुडघ्यांवर बसून मगाने तिच्यावर पाणी सोडत होता. एक मग. थोडं थांबून दुसरा. त्याने वर बघितलं. ओठ फाटलेले. गाल आत गेलेले. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक उभ्या चिरा, लाकडाला असतात तशा. रक्त कुठेच नव्हतं.

"गोचे..." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. हसलं की ओठ उलत होते.

"ऊठ. घरी चल."

"नाही जमणार गं. हे सुकतं."

"सुकू दे! काकांना दोन हात आहेत. त्यांनी ओतावं पाणी."

"तसं नाही..." त्याने आवाज खाली आणला. "हे सुकलं की मी सुकतो."

ती चिडली. घाबरली की ती आधी चिडायची. उन्हात राबवून राबवून याच्या डोक्यावर परिणाम केलाय म्हाताऱ्याने, असं तिला वाटलं. तिने त्याच्या हातातला मग हिसकावून घेतला. "पंधरा मिनिटं. मी घड्याळ लावते. काही झालं नाही, तर मुकाट्याने होडीत बसायचं."

"नको... खरंच नको."

"पंधरा मिनिटं, दादा!"

तो गप्प झाला. त्याला कुणी दरडावलं की तो गप्पच व्हायचा, आणि हे माहीत असूनही तिने दरडावलं होतं.

ताडपत्रीच्या कडेने गरम वारा आत येत होता. लाकडावरची ओल काठांकडून मागे सरू लागली. आधी टोक करडं झालं, मग काठ. जंगलात एक पाखरू ओरडत नव्हतं. दादाने डोळे मिटून घेतले होते आणि तो घोट गिळत होता, एकामागोमाग एक कोरडे घोट. दहावं मिनिट. अकरावं.

टक्.

आवाज बारीक होता. होडीच्या टोकापाशी बोटभर लांबीची भेग पडली होती. दादा कण्हला. त्याच्या कपाळावर, केसांपासून भुवईपर्यंत, तेवढीच भेग तिच्या डोळ्यांदेखत उघडली. आत रक्तमांस नव्हतं. आत कोरडं, तपकिरी, धाग्याधाग्यांचं काहीतरी होतं.

तिने मग टाकला आणि आख्खी बादली उचलून होडीवर उपडी केली. मग दुसरी, मग तिसरी. भेग मिटली नाही, पण दादाचा श्वास खाली आला.

"कधीपासून?" तिने रिकामी बादली खाली ठेवत विचारलं.

"काकांनी फोटो काढले तेव्हापासून. फोटोत मापाला पट्टी ठेवतात ना, शेजारी, आकार कळावा म्हणून. पट्टी घरी राहिली म्हणाले. मग म्हणाले, तूच झोप आत. माणसाइतकं चांगलं माप नाही." तो थांबला. "झोपलो. बरोब्बर बसलो गं. डोक्यापासून टाचेपर्यंत. काका खूश झाले. दुपारभर फोटो काढत होते."

"आणि तू दुपारभर आत पडून राहिलास."

"ते 'हलू नकोस' म्हणाले होते."

ती काकांपुढे जाऊन उभी राहिली. काकांनी वहीतून मान वर केली नाही.

"त्याला काय होतंय ते बघितलंत तुम्ही?"

"बघितलं म्हणजे काय! नोंद ठेवली आहे." त्यांनी वही तिच्याकडे वळवली. वळणदार अक्षरात तारीख, वेळ, होडीची भेग, लांबी. आणि त्याच ओळीत पुढे दंड, मांडी, पाठ, लांबी. "अभूतपूर्व आहे हे. परवा तज्ज्ञ येताहेत, त्यांना दाखवू. तोवर त्याने धीर धरायला हवा. आमच्या वेळी आम्ही..."

तिचं लक्ष वहीत नव्हतं. पानावर खूण म्हणून ठेवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर होतं.

"पट्टी घरी राहिली होती ना?"

"सापडली नंतर," काका म्हणाले आणि पाण्याकडे बघितलं. भाऊ भाऊच.

"ती होडी मी परत पाण्यात घालणार आहे."

"हात लावून तर बघ! चाळीस वर्षं वाट बघितली मी. माझं नाव लागणार आहे तिला."

"लावा. बुडाल्यावर लावा."

काका उठले, तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने वडीलधाऱ्या माणसाला ढकललं. ते खुर्चीसकट मागे कलंडले आणि बसल्याजागी ओरडत राहिले. आईबापांचं वळण, शिक्षण अर्धवट, वगैरे सगळं.

ओंडक्यांवरून होडी सहज घसरली. इतकी सहज, की तिला ढकलावंही लागलं नाही, आवरावं लागलं. कमरेइतक्या पाण्यात नेऊन तिने आत दगड भरले. काठावर दादा एकेका दगडाबरोबर खोल श्वास घेत होता. शेवटच्या दगडाला होडी न डुचमळता, आडवी, शांतपणे खाली गेली. वर बुडबुडासुद्धा आला नाही. दादाच्या कपाळावरची भेग मिटली, जणू कुणी ओल्या बोटाने पुसून काढावी तशी.

"दुखतंय?"

"नाही," दादा म्हणाला आणि रडायला लागला.

काका चिखलात बसून होते. इस्त्रीचा शर्ट पार गेला होता. "काय केलंस..." एवढंच ते म्हणत होते. तिने त्यांच्यापुढे बटाटे, कांदे, सेल आणि बिस्किटं ठेवली. "परवा तज्ज्ञ येतील ना, त्यांच्याबरोबर या."

लव्हाळ्यांची वाट संपेपर्यंत तिने मागे बघितलं नाही. दुसऱ्या तळ्यात दादाने दोन केळी खाल्ली. पहिल्यात तिची टिंगलही केली, की बांबू तू झाडूसारखा मारतेस. तेव्हा कुठे तिच्या छातीवरचा दगड थोडा हलला. फक्त त्याचे कपडे वाळत नव्हते. पाण्यात ती उतरली होती, तो नाही. तिची सलवार उन्हात खडखडीत झाली, आणि दादाच्या शर्टाच्या बाहीतून थेंब गळतच होते.

धक्क्यावरून घरी न जाता तिने त्याला थेट दवाखान्यात नेलं. दुपारचे चार वाजले होते. पंखा गरगरत होता, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, भिंतीलगत लांब बाक. दादा बाकावर टेकला. डॉक्टरीणबाईंनी डोळे, जीभ, नाडी बघितली.

"अशक्तपणा आहे. बाकी ठीक दिसतंय. इतके भिजलात कुठे?" त्यांनी नळी त्याच्या छातीला लावली. सरकवली. पुन्हा सरकवली. "बाहेर काही चालू आहे का हो? रेडिओ वगैरे?"

"नाही."

त्यांनी नळी कानातून काढली आणि तिच्या कानात घातली.

आधी दादाचं काळीज ऐकू आलं, सावकाश. मग त्याच्याखाली, खूप खोल, पाणी कापल्याचा आवाज. चप... चप... चप... एका तालात वल्ही पडत होती. एकाची नव्हे, पाचसहा जणांची. घाई नव्हती कुणाला. प्रत्येक वेळी आवाज जरासा मोठा होत होता.

"काय आहे ते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिने नळी कानात आणखी दाबली. वल्ही थांबली. होडीचा तळ वाळूला घासावा तसं काहीतरी लांबवर खरवडलं आणि मग नळीत एकदम शांत झालं. फक्त काळीज.

दादाने डोळे उघडले. दाराकडे बघितलं आणि चटकन उठून उभा राहिला, मान खाली घालून, घरात मोठी माणसं आल्यावर उठतात तसा.

"बसा ना," तो म्हणाला.

दारात कुणी नव्हतं. दादा बाकापासून एक पाऊल मागे सरला. थोडं थांबला. आणखी एक पाऊल सरला. मग आणखी एक. पाठ भिंतीला लागली, तरी तो अंग चोरून जागा करून देतच होता.