वाऱ्याच्या बोगद्यातलं यान

भोसरीहून चाकणकडे निघालेल्या बसनं गचका दिला, तशी वर्षालीच्या मांडीवरची लाकडी पेटी घसरली. शेजारच्या तरुणानं ती पटकन सावरली.

"काचसामान?"

"अंतराळयान."

तो हसला... ती हसत नाही हे पाहून त्यानं हसू आवरलं.

तासाभरात चाचणी केंद्रात तोच समोर उभा. रणजीत, वाऱ्याच्या बोगद्याचा, म्हणजे विंड टनेलचा, पंखा चालवणारा इंजिनिअर.

"म्हणजे खरंच यान होतं," तो ओशाळून म्हणाला.

होती हातभर लांबीची प्रतिकृती. अवकाशातून परतताना खरं यान हवेत कसं सावरेल, ते तिच्यावरून कळणार होतं. दर वेळी वारा थांबवून शेपटाच्या झडपा हातानं वळवायला लागू नयेत, म्हणून वर्षालीनं आत इवल्या मोटारी बसवल्या होत्या. बोगद्याच्या काचेबाहेरून रिमोटनं त्या हलायच्या. वर्षभर ती त्यात गढली होती, आणि बोगदा मिळाला होता एकाच दिवसासाठी.

"तुम्ही सांगाल तेवढाच वारा सोडीन," रणजीत म्हणाला.

"आणि सांगायला विसरले तर?"

"तर... बघत बसेन."

"कुणाकडे?"

तो घाईनं बटणांकडे वळला. कान मात्र लाल झाले होते.

वारा चढला. झडपा तिच्या बोटांसरशी वळू लागल्या. मग अचानक डावी झडप अडकली आणि यान थरथरायला लागलं.

"रणजीत, बंद करा—"

"चालू राहू दे," मागून केंद्रप्रमुख दादासाहेब म्हणाले. "पुन्हा सुरू करायला दुपार होईल."

रणजीतनं मागे पाहिलंही नाही. पंखा बंद केला.

झडपेचा सांधा निखळत आला होता. आणखी थोडा वेळ, आणि यान काचेवर आदळलं असतं. दादासाहेबांनी वाकून पाहिलं. "दुरुस्त करा," ते हळू आवाजात म्हणाले. "आज उशिरापर्यंत थांबू आपण."

संध्याकाळी झडपांच्या शेवटच्या कोनाची चाचणीही पार पडली. रणजीत तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

"का बंद करायचं, ते विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"आवाजावरून कळलं."

"ओरडले का मी?"

"नाही. पहिल्यांदाच माझं नाव घेतलंत."

वर्षाली पेटीच्या कडीशी चाळा करत राहिली.

"पुढची चाचणी कधी?" त्यानं विचारलं.

"सहा महिन्यांनी."

"मला नाही जमणार... एवढं थांबायला."

तिनं वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"रविवारी मोकळा आहेस?" ती म्हणाली, आणि 'तुम्ही' गळून पडल्याचं तिच्या ध्यानात आलं. तिनं ते सावरलं नाही.

"आहे," रणजीत म्हणाला. "तू म्हणशील तेव्हा."